जाळ्या राहू द्या, आधी बर्नर उलटा करून बघा

तुम्ही प्रश्न जाळ्यांचा विचारलाय. दोन हिवाळे बाहेर काढलेल्या गॅस ग्रिलच्या जाळ्यांवर तांबूस थर आलाय, तर तो घासून वर काळा रंग मारू का? पण जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की डावीकडची ज्योत पिवळी येते आणि तिकडचा नॉब हाताला गरम लागतो. माझं सगळं लक्ष त्या एका ओळीवर गेलं. बर्नर काढून बघेपर्यंत ग्रिल पेटवू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. बाकीचं नंतर.

आमच्याकडे हेच झालं होतं. आम्ही न्यू जर्सीत समुद्रापासून दोन मैलांवर राहतो, म्हणजे हवा खारीच, तुमच्या खाडीकाठासारखी. ऑक्टोबरात शेवटचं जेवण झालं आणि मी ग्रिल साफ करायला घेतला. ओट्यासाठीचा ब्लीचवाला स्प्रे जाळ्यांवर, बर्नरवर, सगळीकडे मारला, बागेच्या नळीने धुतला आणि पावसाच्या आत झाकून टाकावा म्हणून ओल्यावरच कव्हर चढवलं. कव्हर जाडजूड, आतून प्लास्टिकचं अस्तर, खाली दोरी आवळायची. एप्रिलमध्ये काढलं तर अस्तराला आतून थेंब लटकत होते.

जाळ्या लाल दिसत होत्या म्हणून मीही जाळ्याच घासत बसले, दोन शनिवार. मग पेटवला. मधल्या बर्नरची ज्योत वर येण्याऐवजी पोटातून खाली, नॉबच्या पट्टीकडे फुटत होती. नॉबचा चटका बसला तेव्हा कळलं. थंड झाल्यावर बर्नर काढून उलटा केला, तर खालची बाजू पापुद्र्यांसारखी हातात आली आणि आत करंगळी जाईल एवढं भोक. वरून तोच बर्नर अगदी ठीक दिसत होता.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, हा समज सोडून द्या. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो. क्लोराइड नेमकं त्यालाच पोखरतं. मिठात ते असतं, खाऱ्या हवेत असतं आणि ब्लीचमधूनही येतं. फ्रिजवरचं लोहचुंबक बर्नरला लावून बघा. घट्ट चिकटलं तर बहुतेक ४३० जातीचं स्टील आहे, त्यात निकेल जवळजवळ नसतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते खाऱ्या हवेत बरंच जास्त टिकतं. नवे बर्नर घेताना थोडे जास्त पैसे गेले तरी ३०४ चेच घ्या.

आता वॉरंटीचं. कंपनीचं नाव घेत नाही. बर्नरवर १० वर्षांची हमी होती. सात आठवड्यांत चार वेळा तेच फोटो मागवले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. शेवटी उत्तर आलं, ‘अयोग्य देखभाल’. ब्लीच मारणं माझी चूक होती, ते मला मान्य आहे. पण ज्योत खालून फुटतेय असा फोटो चौघांनी पाहिला आणि ‘पेटवू नका’ एवढं एकानेही सांगितलं नाही. घरात तेव्हा सहा वर्षांचा मुलगा होता. तो राग अजून गेलेला नाही, म्हणूनच तुम्हाला सगळ्यात आधी तेच लिहिलं.

मी काही या कामातली तंत्रज्ञ नाही, तुमच्या मॉडेलची पुस्तिका माझ्या शब्दाच्या वर. पण माझं मत स्पष्ट आहे: आरपार गंजलेला बर्नर दुरुस्त होत नाही. वेल्डिंग नको, पुट्टी नको, रंग तर नकोच. मॉडेल नंबर देऊन नवा मागवा. ज्योत नुसती पिवळी असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर बर्नरच्या गॅस-नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं आहे का बघा, ते फार वेळा सापडतं. ज्योत येते ती बारीक भोकं बुजली असतील तर कागदाची पिन घालून मोकळी करा, मोठी मात्र करू नका. परत जोडल्यावर सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहायचंच.

जाळ्यांना रंग अजिबात नको. उष्णता सोसणारा काळा रंग बाहेरच्या पत्र्यासाठी असतो, अन्न लागतं तिथे नाही. तुमच्या जाळ्या साध्या बिडाच्या असतील तर घरचा बिडाचा तवा गंजल्यावर जे करता तेच करा: घासा, धुवा, लगेच तापवून कोरड्या करा, तेलाचा अगदी पातळ हात. वर चकचकीत मुलामा असेल तर खरवडू नका, त्याचा टवका उडाला की खालून गंज धरतो. तारेचा ब्रश मी टाकूनच दिला. त्याची तार तुटून अन्नातून पोटात जाते. २०१२ मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या अशा सहा रुग्णांची नोंद छापली होती.

आपल्याकडचं मॅरिनेशन म्हणजे दही, लिंबू, मीठ, आणि ते सगळं ठिबकतं बर्नरवर. मी आता पनीर नि चिकन चांगलं निथळून ठेवते, कणसाला लिंबू-मीठ खाली उतरवल्यावरच चोळते. जेवणं झाली की दहा मिनिटं मोठ्या आचेवर जाळून, जाळ्या घासून, तेल लावून, पूर्ण गार झाल्यावरच कव्हर. पावसानंतर ऊन पडलं की कव्हर काढून दिवसभर उघडा ठेवते. शेजारी कव्हरच घालत नाहीत, नुसत्या छपराखाली ठेवतात, आणि त्यांचा ग्रिल आमच्यापेक्षा बरा आहे.

डावीकडचा बर्नर काढला की खालच्या बाजूचा फोटो टाका. भोकं मूळची आहेत की गंजाने पडलेली, ते फोटोत बहुतेक कळेल.