अण्वस्त्रांच्या इतिहासाचा प्रकल्प: घोडे कुठे पेंड खाते

इतिहासाच्या एम.ए.साठी आपण ‘भारताच्या अण्वस्त्रांचा इतिहास, १९४५ ते १९९८’ हा विषय घेतला आहे, जुन्या फायली पाहण्यासाठी एका सरकारी कार्यालयाकडे अर्ज केला आहे आणि उत्तर येईपर्यंत लेखन थांबवले आहे, हे वाचून मला माझी जुनी अडचण आठवली, म्हणून सविस्तर लिहिते. संदर्भ कसे द्यावेत, प्रकरणे कशी पाडावीत हे आपले मार्गदर्शक सांगतीलच.

आधी त्या अर्जाविषयी. मीही अशाच एका कार्यालयाच्या भरवशावर होते. नाव घेत नाही. स्फोटकाच्या रचनेशी मला काही कर्तव्य नव्हते. १९६०च्या दशकात वृत्तपत्रांना दिलेली निवेदने आणि त्यांच्या मसुद्यांवरील शेरे एवढेच पाहायचे होते. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, विभागप्रमुखांचे पत्र मागवले गेले, ते दिल्यावर ते विहित नमुन्यात नसल्याचे कळवण्यात आले, आणि प्रबंध सादर करण्याची तारीख तोंडावर आली असताना ‘विषय संवेदनशील असल्याने परवानगी देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर हाती पडले. त्यातील बहुतेक निवेदने त्या काळी वर्तमानपत्रांत छापून आलेली होती, हे तेथील अधिकाऱ्यांना पटवून देणे मला अखेरपर्यंत साधले नाही. नकार देण्याचा अधिकार त्यांना होताच. पण नकार पहिल्याच आठवड्यात दिला असता तर माझे वर्ष हातातून गेले नसते.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग आपल्याला कोणीतरी सुचवेलच. अर्ज जरूर करावा, मात्र कलम ८ नीट वाचून करावा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती खुली करण्याची तरतूद त्यात आहे, परंतु देशाची सुरक्षा आणि परराष्ट्रसंबंध यांच्यासाठीचा अपवाद वीस वर्षांनंतरही कायम राहतो, आणि आपला विषय नेमका तेथेच अडकतो. माहिती उघड करण्यावर अणुऊर्जाविषयक कायद्यानेही निर्बंध घातलेले आहेत. मी कायद्याची जाणकार नाही, त्यामुळे हे अंतिम मत समजू नये.

माझे मत, जे अनेक प्राध्यापकांना रुचत नाही, असे आहे की विद्यार्थ्याने जी कागदपत्रे हाती येऊ शकतात ती आधी पाहावीत आणि मग प्रश्न ठरवावा. १९४५ ते १९९८ एवढा पट एका विद्यार्थी-प्रकल्पात मांडू गेल्यास इतरांच्या पुस्तकांचा सारांशच हाती उरतो. त्याऐवजी १९६४चे अखेरचे तीन महिने घ्या. चीनने १६ ऑक्टोबरला लोप नोर येथे पहिली अणुचाचणी केली. त्यानंतर आठवड्याभराने, २४ ऑक्टोबरला, अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले आणि १० किलोटनांच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये येईल असे त्यांनी सांगितले. हा आकडा त्यांनी शांततामय (म्हणजे खोदकामासारख्या कामांसाठीच्या) स्फोटांच्या खर्चाच्या अमेरिकी अंदाजावरून घेतला होता; अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना किंवा बॉम्ब वाहून नेणारी विमाने यांचा खर्च त्यात नव्हता. तरीही बॉम्ब स्वस्त आहे असे म्हणणाऱ्यांच्या हाती तो आयताच सापडला. नोव्हेंबरमध्ये गुंटूरला काँग्रेस महासमितीत आणि नंतर लोकसभेत लालबहादूर शास्त्री यांना बॉम्बची मागणी थोपवावी लागली. हा एक आकडा कोणी उचलला, कोणी खोडला आणि कोणत्या वृत्तपत्राने विनातपासणी छापला, एवढ्याच प्रश्नावर उत्तम प्रकल्प उभा राहतो, आणि त्यासाठी गोपनीय फायलीची गरज नाही. लोकसभेचे जुने वादविवाद घरबसल्या वाचता येतात.

अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेले दस्तऐवज आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हचे संग्रह सहज मिळतात. म्हणूनच ते जपून वापरावेत. भारत काय करील याविषयीचे अमेरिकी अधिकाऱ्यांचे तर्क त्यांत असतात. ते तर्क भारतीय निर्णयाचा पुरावा म्हणून उद्धृत केलेले प्रबंध मी वाचले आहेत, आणि परीक्षकांच्या नजरेतूनही ते सुटलेले आहेत, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

शास्त्रज्ञांच्या नंतरच्या मुलाखतींनाही हीच सावधगिरी लागू पडते. १८ मे १९७४च्या पोखरण स्फोटाला सरकारने शांततामय म्हटले होते. तो बॉम्बच होता, असे त्या स्फोटामागील प्रमुख शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांनी १९९७मध्ये उघडपणे सांगितले. हे विधान १९९७विषयी जितके सांगते तितके १९७४विषयी सांगते का, याचा विचार करून मगच ते वापरावे.

१९७४च घ्यायचे असेल तर त्या मे महिन्यातील मराठी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली पाहाव्यात. तेव्हा देशव्यापी रेल्वे संप चालू होता, त्यामुळे स्फोटाची बातमी संपाच्या आणि अटकांच्या बातम्यांशेजारी वाचावी लागते; केवळ स्फोटाचे कात्रण काढून आणले तर त्या बातमीचे राजकारण निसटते. ग्रंथालयात जाण्यापूर्वी छायाचित्रे काढण्याची परवानगी लेखी घ्यावी. कार्यालयाकडील अर्ज मागे घेण्याचे कारण नाही, तो पडून राहू द्यावा. विषयाची व्याप्ती कमी करण्याचे पत्र मात्र नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी मार्गदर्शकांच्या सहीने विभागात द्यावे, कारण नंतर शीर्षकातील एक साल बदलण्यासाठीही समितीची बैठक भरण्याची वाट पाहावी लागते.