टायमिंग बेल्टची मुदत : वर्षे मोजावीत की किलोमीटर?

वाचक विचारतात : जुन्या गाड्या, इंजिन आणि देखभाल

प्रश्न : महोदय, स. न. वि. वि. माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. आहे. तीन वर्षांपूर्वी मी ती आधीच्या मालकाकडून घेतली असून रनिंग ८२ हजार किलोमीटर झाले आहे. टायमिंग बेल्ट २०१४ साली, ५५ हजारांवर बदलल्याचे त्यांनी तोंडी सांगितले, बिल मात्र मिळाले नाही. गाडी मी रविवारी सकाळी बाहेर काढतो आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चोर्ला घाटातून पणजीला जाऊन येतो. मेकॅनिकने वरचे कव्हर काढून बेल्ट पाहिला आणि ‘अगदी कोरा आहे, एकही चीर नाही’ असे सांगितले. आर.सी.चे नूतनीकरणही विनाअडचण झाले आहे. बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून बत्तीस हजारांचा अंदाज आला आहे. जेमतेम २७ हजार किलोमीटर चाललेल्या बेल्टवर एवढा खर्च आताच करावा, की लाखाचा टप्पा येईपर्यंत थांबावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : थांबू नये. इतकेच नव्हे, तर बेल्ट बदलून होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये आणि शक्य असल्यास सुरूही करू नये. आपल्या पत्रातला महत्त्वाचा आकडा २७ हजार नाही, २०१४ हा आहे. मालकाचे म्हणणे खरे धरले तरी तो बेल्ट दहा वर्षांहून जुना आहे, आणि रबराचे वय मीटरवर उमटत नाही.

या बेल्टवर काय भार असतो ते आधी पाहू. पिस्टनांमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक फेरी व्हावी, हे प्रमाण दात असलेला हा रबरी पट्टा सांभाळतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. आपल्या १७८१ सी.सी.च्या टर्बो इंजिनात एका सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत. बेल्ट एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) कॅम फिरवतो आणि त्या कॅमवरून एक छोटी साखळी इनटेकचा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) कॅम फिरवते, त्यामुळे बेल्ट थांबला की वीसच्या वीस व्हॉल्व्ह असतील त्या जागी अडकतात. क्रँक मात्र वेगात असते, पिस्टन वर येत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. सगळ्याच इंजिनांत असे घडत नाही. माझदाच्या पहिल्या पिढीच्या एम.एक्स.-५ या दोन आसनी गाडीतल्या १.६ लिटर इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पुरेशी जागा ठेवलेली आहे, त्यामुळे बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. आपले इंजिन त्या जातीचे नाही. पोर्शे ९४४ चेही नव्हते, आणि परदेशातल्या अनेक हौशी मालकांना त्याची किंमत पूर्ण हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवून मोजावी लागली.

उद्यमबागेतील आमच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षांपूर्वी सोळा व्हॉल्व्हची एक लाल हॅचबॅक जांबोटीहून टोचन करून आणली होती. गाडी वेगात नव्हती. मालक चहासाठी थांबले, परत येऊन त्यांनी सेल्फ मारला आणि इंजिन नेहमीपेक्षा हलके, कॉम्प्रेशन नसल्यासारखे फिरले. काय झाले ते न कळल्यामुळे त्यांनी आणखी चार-पाच वेळा सेल्फ मारला. हेड उतरवले तेव्हा प्रत्येक पिस्टनच्या माथ्यावर, काजळीच्या थरात नखाने उमटवावी तशी चंद्रकोरीच्या आकाराची चकाकती खूण होती. व्हॉल्व्ह काचेवर ठेवून बोटाने फिरवले तर बहुतेकांची दांडी डोलत होती, आणि ती दांडी ज्यांत सरकते त्यांपैकी दोन गाईडना तडे गेलेले होते. बेल्ट तपासला तेव्हा त्याची पाठ काळी, गुळगुळीत आणि अखंड होती. खालच्या पुलीपाशी मात्र सलग सात-आठ दात मुळापासून सोलून निघाले होते. बेल्ट ‘तुटला’ असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो तुटत नाही, त्याचे दात जातात.

आपल्या मेकॅनिकने बेल्ट प्रामाणिकपणे पाहिला असेल याविषयी मला शंका नाही. तथापि वरचे कव्हर काढल्यावर दिसते ती कॅमच्या पुलीवरची बेल्टची पाठ. झिजतात ते आतल्या बाजूचे दात, आणि थकतात त्या रबराच्या पोटात गुंफलेल्या काचतंतूंच्या दोऱ्या. जुन्या काळच्या निओप्रीनच्या बेल्टना वरून चिरा पडत आणि त्या पाहून मिस्त्री मुदत सांगत. अलीकडच्या एच.एन.बी.आर. या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम रबराच्या बेल्टना तशा चिरा पडतीलच असे नाही, म्हणून ‘चीर नाही’ या निरीक्षणातून आज फारसे काही सिद्ध होत नाही. टेन्शनरचा बेअरिंग, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) आणि हाच बेल्ट फिरवतो तो वॉटर पंप तर त्या कव्हरमधून दिसतही नाहीत, आणि यांतला एखादा जाम झाला तर नवाकोरा बेल्टही दात गमावतो. आर.सी.च्या नूतनीकरणाचेही तेच आहे. पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून देताना होणाऱ्या तपासणीत टायमिंग कव्हर कोणी उघडत नाही.

गाडी कमी चालते म्हणून बेल्ट टिकतो, हा समज आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांत मला वारंवार भेटतो आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत बेल्ट त्याच पुल्यांवर, त्याच बाकात ताणलेला राहतो. रविवारी सकाळी थंड इंजिन सुरू होताना त्याला पहिला हिसका बसतो. घाट चढून आल्यावर बॉनेटखालच्या उष्णतेत तो भाजतो आणि पुन्हा आठवडाभर निवतो. क्रँक किंवा कॅमच्या ऑईल सीलमधून थोडे जरी तेल झिरपत असेल तर रबर फुगून मऊ पडते, आणि कमी वापराच्या गाड्यांत सील वाळून झिरपण्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून जुन्या फेरारींच्या बाबतीत, वर्षाला हजारभर किलोमीटरही न चालणाऱ्या गाडीचे बेल्ट वर्षांच्या हिशेबानेच बदलण्याची रीत आहे. ३४८ आणि एफ ३५५ या मॉडेलांत त्यासाठी पूर्ण इंजिन खाली उतरवावे लागते, तरीही जाणते मालक ते टाळत नाहीत. (१९६२ साली ग्लास नावाच्या जर्मन कंपनीने दातांचा रबरी पट्टा प्रथम विक्रीच्या मोटारीत आणला, कारण तो साखळीपेक्षा स्वस्त, कमी आवाजाचा आणि तेलाशिवाय चालणारा होता. त्याला ठरावीक मुदतीने बदलावे लागणार, हे त्या सोयीबरोबरच आले. फेरारीने एफ ४३० पासून आपल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला पुन्हा साखळी दिली.)

‘तोपर्यंत सावकाश चालवतो’ असा विचार आपल्या मनात असेल, तर तोही सोडावा. बेल्ट सेल्फ मारताना जातो, चौकात उभ्या गाडीत जातो आणि उतारावर पाय उचललेला असतानाही जातो. कणकुंबी ओलांडून चोर्ल्याच्या उतारावर आपण तिसऱ्या गिअरमध्ये आहात असे समजा. बेल्ट गेला तरी चाके क्रँकला फिरवतच राहतात, म्हणजे इंजिनातली मोडतोड वाढतच जाते. क्लच दाबून इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला जोर देणाऱ्या सर्व्होत साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, त्यानंतर पेडल दगडासारखे लागते. पावसाळ्यात, धुक्यात, वळणावर हे घडले तर प्रश्न बत्तीस हजारांचा राहत नाही. असा प्रसंग आलाच तर क्लच पूर्ण दाबावा, ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा, गाडी कडेला घेऊन हँडब्रेक लावावा आणि नंतर काहीही झाले तरी सेल्फ मारू नये.

आता खर्चाविषयी. बत्तीस हजार ही लहान रक्कम नाही, हे मी जाणतो. पण दुसऱ्या बाजूला वीस व्हॉल्व्ह, गाईड, व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, हेडचे मशीनिंग आणि वर हाच बेल्टचा संच, कारण तो तर घालावाच लागतो. आपल्याकडे फाउंड्री आणि मशीन शॉपची परंपरा असल्यामुळे गाईड बसवणे, सीट कापणे ही कामे गावातच उत्तम होतात. अडते ते भागांपाशी. वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे व्हॉल्व्ह पुण्याहून किंवा त्याहून दुरून मागवताना गाडी किती महिने जॅकवर राहील हे कोणी सांगू शकत नाही, आणि अर्धवट उघडलेल्या अशा गाड्या शेवटी भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

काम देताना दोन-तीन गोष्टींचा आग्रह धरावा. फक्त बेल्ट बदलू नये. टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डँपर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्रच बदलावेत. या इंजिनांच्या कित्येक पंपांत पंखा प्लॅस्टिकचा असे आणि तो दांड्यावर सैल होऊन फिरेनासा होई, म्हणून धातूच्या पंख्याचा पंप घ्यावा. पुढचे ऑईल सील तेव्हाच पाहून घ्यावेत. इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे उजव्या बाजूचे माउंटिंग काढून इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो आणि हात जाण्यापुरतीच जागा मिळते. मजुरी जास्त वाटते ती यामुळे, आणि या कामात घाई करणारा माणूस नको. इंजिन थंड असतानाच ताण द्यावा. सगळे जुळल्यावर पाना लावून क्रँक हाताने, चालण्याच्या दिशेनेच, पूर्ण दोन फेरे फिरवून पुल्यांवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. हे दोन फेरे आपल्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय सेल्फ मारू देऊ नये. दात चुकले असतील तर ते खुणा न जुळल्याने किंवा पाना अडखळल्याने कळते, सेल्फला कळत नाही.

प्रश्न : वडिलांनी हौसेने घेतलेली गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी आमच्या शेडमध्ये २०१९ पासून उभी आहे. उभी करण्याच्या थोडे आधीच बेल्ट बदलला होता, म्हणजे तो जवळजवळ न वापरलेलाच आहे. बॅटरी घालून गाडी सुरू करून पाहावी का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : प्रथम बेल्ट, नंतर बॅटरी. न वापरलेला आणि नवा यांत फरक आहे. खानापूर तालुक्यातला पाऊस, शेडमधला दमटपणा आणि उंदीर-घुशी यांच्या सोबतीत इतकी वर्षे गेलेल्या बेल्टवर विसंबून सेल्फ मारणे मला धोक्याचे वाटते. टायमिंग कव्हरच्या आत घुशीने कापूस-चिंध्या ओढून घर केलेले मी स्वतः पाहिले आहे. स्पार्क प्लग काढावेत, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, क्रँक हाताने सहज फिरते का पाहावे, आणि बेल्ट व टेन्शनर बदलून झाल्यावरच पुढे जावे.

भाग मागवताना गाडीचे नाव सांगून उपयोग होणार नाही, कारण ती फार थोड्या विक्रेत्यांना ठाऊक असते. फायबरग्लासच्या त्या बॉडीखाली रेनोचे ११४९ सी.सी.चे इंजिन आहे, त्यामुळे इंजिनाच्या पट्टीवरचा क्रमांक उतरवून त्यावरून बेल्ट शोधावा. मिळालेल्या बेल्टवर छापलेली निर्मितीची तारीख अवश्य वाचावी. दुकानाच्या फळीवर आठ वर्षे पडून राहिलेला बेल्ट आपल्या शेडमधल्या बेल्टपेक्षा फारसा बरा नसतो. तो घडी घालून, पिळून किंवा उलटा करून ठेवू नये, आतल्या दोऱ्या मोडतात आणि वरून काही दिसत नाही.

प्रश्न : जुनी स्पोर्ट्स गाडी घेताना ‘बेल्ट बदलला आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे कितपत मानावे? आमच्याकडे काही कामे कोल्हापुरात तर काही बेळगावात होतात, त्यामुळे एकत्रित नोंद नसते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तारीख, किलोमीटर आणि भागांचे क्रमांक असलेले बिल असेल तर मानावे. बिल कोल्हापूरचे असो वा बेळगावचे, त्यावरचा गाडीचा नंबर जुळतो का ते पाहावे आणि शक्य झाल्यास त्या गॅरेजला फोन करून खात्री करावी. बिलावर नुसता बेल्ट असेल आणि टेन्शनर नसेल, तर काम अर्धेच झाले आहे असे धरावे. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असे समजून त्या कामाची रक्कम गाडीच्या किमतीतून वजा करून मागावी, आणि गाडी चालवत घरी आणण्याऐवजी तिथल्याच चांगल्या गॅरेजमध्ये ते काम करून घ्यावे. नव्या बेल्टची तारीख आणि मीटरचा आकडा एका पट्टीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावी, म्हणजे पुढच्या मालकाला हा प्रश्न विचारावा लागणार नाही.