रेताड जमिनीत बटाटा करताय? युरिया एकदम टाकू नका

भाऊ, रेताड जमिनीत खत टिकतच नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं, म्हणून सगळा नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) लागवडीलाच दिलात तर पिकाला खरी गरज लागते तोपर्यंत मुळांजवळ काही उरत नाही. स्फुरद (फॉस्फरस) पूर्ण लागवडीला, पण बेण्याला चिकटवून नको, थोडं बाजूला आणि खाली. नत्र मात्र तीन-चार हप्त्यांत द्या, एक हप्ता मातीची भर लावताना, ड्रिप असेल तर अजून थोडा थोडा. कंद फुगून झाल्यावर युरिया बंदच, नाहीतर पाला वाढत राहतो, साल कच्ची राहते आणि काढताना सोलपटते, असा माल साठवणुकीत टिकत नाही.

पोटॅशमध्ये कंजूषी करू नका प्लीज, तेही हप्त्यानेच, आणि चिप्ससाठी माल करायचा असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी (त्यात क्लोराईड असतं) सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, क्लोराईड जास्त झालं की बटाट्यातला कोरडा भाग (पाणी सोडून उरणारा) कमी होतो. खालची पानं बघत राहा, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर बहुतेक मॅग्नेशियम कमी पडतंय, मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करा. शेणखत भरपूर पण पूर्ण कुजलेलंच, ताज्याने खवल्या रोग (कंदाच्या सालीवर खरबरीत डाग) वाढू शकतो. आणि हो, माती परीक्षण आधी करून घ्या, डोस त्यावरूनच ठरवा.