वाटायची रेवडी, उडवायची रेवडी आणि कांद्यावरचं तुळशीपत्र

निफाडच्या एका शिक्षक वाचकांनी विचारलं आहे: "निवडणूक जवळ आली की 'सरकारने रेवड्या वाटल्या' असे मथळे दिसतात. आमच्या घरात 'रेवडी उडवणे' म्हणजे एखाद्याची फजिती करणे. मग ही वाटायची रेवडी मराठीत आली कुठून? आणि तिच्यासाठी आपला स्वतःचा शब्द नाही का?"

सर, तुमच्या घरातला अर्थच मराठीतला मुरलेला अर्थ आहे. रेवडी हा पदार्थ आपल्याकडे जुनाच. पाकात घोळलेली, तिळाची, यात्रेतून कागदाच्या पुडीत घरी येणारी. मढीच्या कानिफनाथांना तर रेवड्यांचाच प्रसाद. पण वाक्प्रचार म्हणून मराठीने तिला उडवलं, वाटलं नाही. "भर सभेत त्याची रेवडी उडाली" हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

वाटायची रेवडी हिंदीतली. आंधळा रेवड्या वाटायला बसला की फिरून फिरून आपल्याच माणसांच्या हातावर ठेवतो, अशी हिंदीत म्हण आहे. जुलै 2022 मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाच्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी 'रेवडी कल्चर' म्हणाले, तिथून हा शब्द देशभरच्या वर्तमानपत्रांत पसरला आणि मराठी मथळ्यांतही स्थिरावला. मात्र इकडे येताना म्हणीतला आंधळा मागेच राहिला. हिंदीत खरा टोमणा 'आपल्याच माणसांना' यावर आहे. मराठी मथळ्यात रेवडी म्हणजे नुसतं 'सरकारने फुकट दिलेलं काहीतरी' एवढंच उरलं.

आपल्याकडे याच जागी 'खिरापत' होती आणि आहे. भोंडल्याची गाणी संपली की डबा हलवून ओळखायची ती खिरापत. 'पदांची खिरापत', 'आश्वासनांची खिरापत' असं आपण सहज म्हणतो. खिरापतीत निवड नसते. जो हजर त्याच्या हातावर पडते. म्हणून पात्रता न बघता केलेल्या वाटपाला हा शब्द चपखल बसतो. 'खैरात'ही चालतो, पण त्यात घेणाऱ्याला भिकारी ठरवण्याची छटा येते. मला तो आवडत नाही.

पण मराठीने या विषयासाठी घडवलेली सगळ्यात धारदार गोष्ट म्हणजे 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र'. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवून तिच्यावरचा हक्क सोडायचा असतो. इथे पत्र ठेवणारा एक आणि मिठाई दुसऱ्याची. 'रेवडी' विचारते की कोणाला दिलं. आपली म्हण विचारते की कोणाचं दिलं. सरकार आणि मतदार यांच्यातल्या देवघेवीबद्दल बोलताना हा दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला लांब जाऊन शोधावं लागत नाही.

19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. लासलगाव, पिंपळगावचे लिलाव बंद पडले. मग नाफेड या सहकारी खरेदी संस्थेमार्फत 2,410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली आणि राखीव साठ्यातला कांदा शहरांत 25 रुपये किलोने विकायला निघाला. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावाने कांदा परदेशी पाठवायचा नाही. 8 डिसेंबरला तर निर्यातच बंद झाली. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला. ज्याच्या ट्रॉलीत त्या आठवड्यात लाल कांदा भरलेला होता, त्याला थांबायची सोय नव्हती. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टाकून भावाची वाट पाहता येते, लाल कांदा टिकत नाही. ओळीत उभं राहायचं आणि लिलावात जो भाव फुटेल तो घ्यायचा.

आता या व्यवहाराकडे शब्दाच्या अंगाने पाहा. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळाला, म्हणजे त्याला काहीतरी दिलं गेलं. पण निर्यातबंदीने पाडलेल्या भावाची रक्कम अर्थसंकल्पात कुठल्याही पानावर सापडत नाही, कारण ती तिजोरीतून गेलीच नाही. ती उत्पादकाच्या हिशेबपट्टीतून, म्हणजे लिलावानंतर हातात येणाऱ्या विक्रीच्या पावतीतून गेली. कोणत्याही मथळ्यात मी तिला 'रेवडी' म्हटलेलं वाचलेलं नाही. तिचं नाव 'दर नियंत्रण'. सरकारी योजनेतून महिलेच्या खात्यात आलेले पैसे दिसतात म्हणून त्यांना रेवडीचा शिक्का बसतो आणि शेतकऱ्याच्या खात्यात न आलेले पैसे दिसत नाहीत म्हणून त्यांना नावच मिळत नाही. तुळशीपत्र मात्र नेमकं तिथेच ठेवलेलं असतं.

सरकारं असं का करतात, याचं उत्तर मतांच्या गणितात आहे. कांदा खाणारे देशातल्या प्रत्येक मतदारसंघात आहेत. कांद्यावर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे ते नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, धुळे अशा मोजक्या पट्ट्यांत. 1998 मध्ये कांदा कडाडला आणि दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत हरण्यामागच्या कारणांत त्याचं नाव कायमचं लागलं. तेव्हापासून महाग कांद्याची भीती प्रत्येक पक्षाला आहे, स्वस्त कांद्याची तेवढी नाही. एका ग्राहकाला किलोमागे दहा-वीस रुपयांचा फरक, पण असे ग्राहक कोट्यवधी. उत्पादकाचं नुकसान माणशी कितीतरी मोठं, पण त्याची मतं थोड्याच जागांवर एकवटलेली.

एकवटलेली मतं कधीतरी एकदमच बोलतात. निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान 20 मे ला. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार हरल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. दिंडोरीच्या निकालामागे कांदा एकटा होता असं मी म्हणणार नाही. पण कांदा वगळून तो निकाल समजावून सांगता येत नाही. त्याच वर्षी 28 जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला 1,500 रुपये. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं तोवर पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये, पात्र बहिणींच्या खात्यात पोचले होते. जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा भाजप असलेल्या सत्ताधारी महायुतीने जिंकल्या. त्याच शिवारातलं तेच घर. मे महिन्यात हिशेबपट्टी बघून मत देणारं आणि नोव्हेंबरात पासबुक बघून मत देणारं. या घराला कोणी भाबडं किंवा विकाऊ म्हणू नये. दोन्ही वेळी त्याने आपल्या संसाराचाच हिशेब केला.

'विकाऊ' म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतो, म्हणून हेही सांगतो. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येतं त्याला आपल्याकडे 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात. ते उमेदवाराच्या बाजूने, ठरावीक मतदाराला, मताच्या बदल्यात दिलेलं असतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे ती लाच आहे, भ्रष्ट आचार आहे. जाहीरनाम्यातलं आश्वासन तसं नाही. तमिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या प्रकरणात 5 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं, आणि सोबत निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायलाही सांगितलं. म्हणून 'रेवडी' हा शब्द लाच या अर्थाने वापरू नये. योजना वाईट असू शकते, पण ती लक्ष्मीदर्शन नव्हे.

या सगळ्या गर्दीत महाराष्ट्राने देशाला दिलेला एक शब्द विसरायला नको, तो म्हणजे 'हमी'. 1972 च्या दुष्काळात सिन्नरसारख्या तालुक्यांतली माणसं खडी फोडायला उतरली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे 1977 मध्ये कायदा झाला. आणि पैसा कोणाचा, हेही उघड सांगितलं गेलं: शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठी लावला. तुमच्या पगारपत्रकावर आजही ती कपात दिसत असेल, सर. इथे हलवाई कोण ते नावानिशी माहीत होतं आणि मजुराला काम मागायचा हक्क होता. सरकार बदललं तरी हमी सहजासहजी मागे घेता येत नव्हती, त्यामुळे दर निवडणुकीला ती नव्याने कोणाचे उपकार म्हणून दाखवणंही कठीण होतं.

तेव्हा वापरायचं कसं? पात्रता न पाहता, घाईने केलेल्या वाटपाला 'खिरापत' म्हणा. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिलं आणि श्रेय तिसऱ्याने घेतलं तर 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र'. नियमाने आणि ठरलेल्या निकषावर मिळतं ते 'अनुदान' किंवा 'सवलत'. कायद्याने मागता येतं ते 'हमी' किंवा 'हक्क'. 'मोफत' आणि 'फुकट' यांतही फरक ठेवा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांच्या योजनेच्या नावात 'मोफत वीज' आहे. ती 'फुकट वीज' म्हटली की आपण बातमी सोडून मत दिलेलं असतं.

'रेवडी वाटणे' आता मराठीत आलंच आहे, त्याला हाकलता येणार नाही. हिंदी म्हणीतला अर्थ धरून, म्हणजे आपल्याच माणसांना वाटप झालं असेल तिथे, ते खुशाल वापरा. फक्त क्रियापद सांभाळा. मागे एका मथळ्यात 'सरकारने रेवड्या उडवल्या' असं वाचलं, आणि सरकारने पैसे वाटले की विरोधकांची फजिती केली हे बातमी संपेपर्यंत कळलं नाही.