हाळी, झील आणि गिटार : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी शिकागोच्या उन्हाळी ब्लूज मेळ्यावर लिहिलं होतं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, कापसाच्या शेतांतून आलेलं गाणं), म्हणजे जूनमध्ये उघड्या बागेत, तिकीट नाही काही नाही, लोक गवतावर पसरून गिटार ऐकतात वगैरे. त्यावर एवढे मेसेज आले की फोन चार्जिंगलाच लावून ठेवावा लागला. शिव्या बाजूला काढल्यात. बाकीच्यातले काही इथं घेतो.

लातूरहून एक वाचक : भाचा तिकडंच आहे, त्यानं त्या मेळ्याचा व्हिडिओ पाठवला. अर्धा तास बघितला. सगळी गाणी एकसारखीच. तो माणूस काय वाजवूलाला अन् लोक कशावर एवढे ओरडूलालेत तेच कळंना. आमचे कान खराब आहेत का?

कान चांगलेत हो, तुम्ही चाल शोधत बसलात एवढंच. चाल तिथं बहुतेक वेळा ठरलेलीच असते. बारा बारचा साचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट), एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं एक आवर्तन, त्यात तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचे तीन गुच्छ, संपलं. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच परत म्हणतो, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो, आणि प्रत्येक ओळीमागं जी रिकामी जागा सुटते तिथं गिटार बोलते. आता गोंधळ आठवा. तुळजापूर तुमच्यापासून किती लांब आहे! पुढचा गोंधळी ओळ टाकतो, मागचा झील धरतो. तर ही गिटार म्हणजे झीलकरी समजा. साचा सगळ्यांना पाठ, त्यामुळं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर, की आता हा गडी त्या मोकळ्या जागेत काय करणार, लगेच उत्तर देणार का थोडं ताणून धरणार. लोक ओरडतात ते त्या ताणून धरण्यावर. भजनात अभंग पाठच असतो की, तरी आज बुवा तो कसा घेतात यासाठी आपण जातोच ना.

आणि ही गिटार एवढ्या मोठ्या आवाजात का, तर त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. मडी वॉटर्स हा ब्लूज गाणारा, मिसिसिपी राज्यातल्या मळ्यावरचा माणूस १९४३ला शिकागोला गेला, तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या कलकलाटात साध्या गिटारीला कोण विचारतो, म्हणून त्यानं इलेक्ट्रिक घेतली. पुढं इंग्लंडच्या पोरांनी शिकागोच्या या रेकॉर्डी घासून घासून ऐकल्या आणि तेच आणखी मोठ्यानं, आणखी लांबवून वाजवायला लागले. क्रीम हा एरिक क्लॅप्टनचा बँड १९६६चा. ब्लूज-रॉक म्हणतात ते हेच. मडी वॉटर्स १९८३मध्ये गेला आणि शिकागोचा मेळा १९८४मध्ये सुरू झाला, आधी ग्रँट पार्कात, आता शेजारच्या मिलेनियम पार्कात.

परभणीहून एक शेतकरी : हे गाणं कापसातून आलं असं तुम्ही लिहिलं. खरंच का, का आम्हाला बरं वाटावं म्हणून?

खरंच. मिसिसिपी डेल्टा म्हणजे समुद्राच्या तोंडाचा नाही, वर राज्याच्या वायव्येला नदीच्या गाळाची सपाट जमीन आहे, कापूसच कापूस. तिथं डॉकरी नावाचा मळा होता, चार्ली पॅटन हा सुरुवातीच्या काळातला मोठा ब्लूजवाला तिथलाच. ब्लूज गिटारीतला मोठा माणूस बी. बी. किंग पोरवयात कापूस वेचायचा, नंतर ट्रॅक्टर चालवायचा. शेतात एकट्यानं काम करताना लांबच्या माणसाला घातलेली जी साद असते तिला तिकडं ‘हॉलर’ म्हणतात, आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, हाळी. ब्लूजच्या गाण्यात सुरुवातीलाच उंचावरून सूर सोडून खाली घसरत येतात ना, ती हाळीच. आपली मोटेवरची गाणी, भलरी ही त्याच घरातली.

पण उगाच गळ्यात गळे घालू नका. ती माणसं गुलामांची पोरंनातवंडं. गुलामगिरी कायद्यानं गेली तरी बटईनं कसायची, सामान मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचं, आणि वर्षाअखेर हिशोबात देणंच निघायचं. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बी. बी. किंगची ती गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. १९४९, आर्कान्सामधलं ट्विस्ट नावाचं गाव, थंडीचे दिवस, नाचाच्या हॉलमध्ये ऊब यावी म्हणून रॉकेलचं पिंप पेटवून ठेवलेलं. दोन गड्यांची मारामारी झाली, पिंप लवंडलं, आग लागली. सगळे बाहेर पळाले आणि हा भाऊ गिटारीसाठी परत आत! वाचला नशिबानं. नंतर कळलं भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं, तेव्हापासून याच्या प्रत्येक गिटारीचं नाव ल्युसिल, परत असा मूर्खपणा करायचा नाही ही आठवण राहावी म्हणून.

छत्रपती संभाजीनगरहून एक पेटीमास्तर : माझा विद्यार्थी ब्लूज म्हणून जे वाजवतो ते मला सरळ धानी राग वाटतं. माझं चुकतंय का?

मास्तर, तुमचं बरोबर आहे, विद्यार्थ्याला सांगा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, हेच पाच सूर. वर ते लोक म आणि प यांच्या मधला तीव्र मध्यम जाताजाता घेतात, आणि गंधार तर धड कोमल नाही धड शुद्ध नाही असा मधल्याच जागी लावतात. तो तुमच्या पेटीत सापडणार नाही, सारंगीत सापडेल. गिटारवाला तार बोटानं आडवी ढकलून तिथं पोचतो, सतारीवर मींड घेतात तसंच. काचेची किंवा लोखंडी नळी तारेवरून घसरवणं हा दुसरा रस्ता. डेरेक ट्रक्स हा नळीवाल्यांतला आजचा मोठा माणूस, तो सरोदवाल्या अली अकबर खाँसाहेबांच्या अमेरिकेतल्या कॉलेजमध्ये जाऊन शिकलाय. आणि आपले मोहनवीणावाले विश्वमोहन भट आणि अमेरिकेचा गिटारवाला राय कूडर यांना एकत्र वाजवल्याबद्दल १९९४चं ग्रॅमी मिळालं. अजून एक, तिकडची पोरं भिंतीला एकच तार ठोकून त्यावर बाटली घासत शिकायची. एक तार! आपलं तुणतुणं आठवलं की नाही?

जालन्याहून इंजिनीअरिंगचा विद्यार्थी : मे महिन्यात कॉलेजच्या ग्राउंडवर आमच्या बँडचा ब्लूज-रॉक शो आहे. मागच्या वर्षी गिटार सारखी बेसूर होत होती, मागच्या लोकांना फक्त धडधड ऐकू आली आणि एक अँप (गिटारीचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर) जळाला. टिप्स द्या ना सर.

मे महिना कोणी निवडला रे? असू दे.

तार लोखंडी असते, तापली की लांबते, ढिली पडते, सूर उतरतो. सहा वाजता उन्हात ट्यूनिंग केलं आणि आठ वाजता वारा सुटला की सूर चढणार. म्हणून गिटार बंद गाडीत ठेवायची नाही, स्टेजच्या सावलीत तासभर आधी आणून ठेवायची, नवीन तारा दोन दिवस आधी लावून हातानं ओढून घ्यायच्या आणि दर दोन गाण्यांनी ट्यूनर बघायचा, त्यात लाज नाही. अमेरिकेचा ब्लूज-रॉकवाला स्टीव्ही रे व्हॉन जाड तारा लावून अर्धा सूर खाली ट्यून करायचा ते खरंय, पण ते त्याच्या बोटांना झेपायचं, तुझी बोटं सोलून निघतील.

आता धडधड. तुमच्या साऊंडवाल्यानं डीजेची भिंत लावली असणार, खाली बेस बेस बेस आणि वर नावाला दोन टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर. मिरवणुकीला ठीक आहे. गिटार आणि गळा मधल्या आवाजात असतात, तेच मरतात. शिवाय मैदानाला भिंती नाहीत, आवाज परतून येत नाही, आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली कोरडी हवा वरचे बारीक सूर खाऊन टाकते, म्हणून मागं खर्जच पोचतो. त्यावर उपाय म्हणजे मैदानाच्या मध्यावर टॉपची अजून एक जोडी उभी करायची, पण तिला डिले द्यायला सांगा, म्हणजे तिचा आवाज थोडा उशिरानं सुटेल असं करायला सांगा. चाळीस डिग्रीला आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला पाव सेकंदापेक्षा जास्तच लागतो, डिले दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. साऊंड चेक दुपारी केलात तर तो रात्री उपयोगाचा नाही, कारण तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो आणि जमीन निवली की खाली वळून लांबपर्यंत जातो. लांब म्हणजे शेजारच्या कॉलनीत! दहाला लाउडस्पीकर बंद, हे डोक्यात ठेवून शेवटचं गाणं साडेनऊलाच सुरू करा, कारण तुमचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारीचं वादन, लांबणार हे मला इथं बसून दिसतंय.

अँप बाहेरदेशातून कोणी आणला असेल तर मागं ११० लिहिलंय का २३० ते आधी वाच, बहुतेक तिथंच घोळ झालाय. जनरेटरवर स्टॅबिलायझर हवाच, आणि अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून समोर उभं राहून तपासून घे. माईकला ओठ लागल्यावर झटका बसणं हा काही ब्लूज नाही.

बीडहून एक ताई : यात बायका वाजवतात का? का नुसती गडीमाणसांची दारू पिऊन केलेली रडारड?

वाजवतात की. बॉनी रेट नळी घेऊन असं वाजवते की भले भले गप्प बसतात. सुसान टेडेस्की गातेही आणि वाजवतेही, वर सांगितलेल्या डेरेक ट्रक्सची ती बायको, दोघांचा मिळून बँड आहे. आपल्याच देशात शिलाँगचा सोलमेट बँड ऐका, टिप्रिती खारबंगरचा आवाज आणि रूडी वालांगची गिटार, २००३पासून चाललंय. दारूचं म्हणाल तर मी चहावर ऐकतो, काही बिघडत नाही.

उदगीरहून, नाव नको म्हणून : सोलो वाजवताना हे लोक तोंड एवढं वाकडं का करतात? दात दुखल्यासारखं?

तार ढकलून नेमक्या सुरावर थांबवायची असते ना, ती जागा सापडेपर्यंत जीव तिथं अडकलेला असतो. बी. बी. किंगचा चेहरा तर बघण्यासारखा. पण तुम्ही कधी आपल्या बुवांकडं तान घेताना समोरच्या रांगेत बसून बघितलंय का?