‘पित्या’ म्हणताना जीभ अडते

*“ताई, पुढच्या महिन्यात आमच्या सात महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. लहानपणी घरच्या प्रार्थनेत पाठ केलेलं वचन चुकलं की बाबांचा पट्टा निघायचा. आता त्यांना नातीला मांडीवर घ्यायचंय. बायको म्हणते, आईबापांचा मान राखा असं शास्त्र सांगतं. पाळकसाहेब म्हणतात, बाप झालास, आता देवाचं प्रेम कळेल. मला तर उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढंही म्हणवत नाही. परवा रात्री दोनला पोर रडत होती आणि माझा हात शिवशिवला. मीही तसाच होणार का?”*

भाऊ,

आधी रात्री दोनचं बोलू, देवाचं नंतर. पोर थांबत नाही आणि आपलं डोकं तापलंय असं झालं, की तिला पाळण्यात उताणी निजवा आणि खोलीबाहेर व्हा. पाच मिनिटं रडली तर काही बिघडत नाही. रागाच्या भरात गदगदा हलवलं तर मात्र तान्ह्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बायकोला हे आजच सांगा आणि रात्रीच्या पाळ्या लावून घ्या. एवढं करूनही राग उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा. मूल झाल्यावर नैराश्य बापांनाही येतं. ‘प्रार्थना कमी पडली’ असं कुणी म्हणालंच तर ऐकून सोडून द्या. तुमचा हात शिवशिवला, पण उठला नाही, आणि तुम्ही घाबरून पत्र लिहिलंत. तुमच्या बाबांनी असं पत्र कधी कुणाला लिहिलं असेल, असं वाटत नाही.

आता पाळकसाहेबांचं वाक्य. मला ते कधीच पटलेलं नाही. पट्टा काढणारा माणूसही बापच झाला होता की!

मी बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटणी उडवून कंगाल होऊन परतलेल्या मुलाकडे म्हातारा बाप धावत जातो ती येशूची गोष्ट, सांगताना पोरं हमखास हसायची ती म्हातारा धावतो तिथे. त्या काळच्या यहुदी घरातला वडीलधारा माणूस पायघोळ झगा सावरत गावादेखत धावत नसे. पण बायबलात ही गोष्ट आहे त्या लूकच्या पंधराव्या अध्यायात त्याहून मोठी गंमत आहे. एकोणिसावं आणि एकविसावं वचन शेजारी ठेवून वाचा. मुलाने माफीचं भाषण घोकून आणलंय, शेवटी ‘मला चाकरासारखं ठेवा’ असं म्हणायचंय. ते शेवटचं वाक्य तो म्हणतच नाही. बापाने तोवर झगा, अंगठी आणि जोडे मागवलेले असतात. तुमच्या घरी पाठांतर चुकलं की पट्टा, आणि इथे पाठांतर पुरं व्हायच्या आतच अंगावर झगा.

तुम्ही बाबांच्या मापाने देवाचा अंगरखा बेतायला बसलात, तो बसणार कसा? माप उलटं घ्या. ‘पिता’ म्हणजे काय हे त्या धावणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून ठरवा, मग बाबा त्यात कुठे तोकडे पडले ते आपोआप दिसेल. तुम्हीही पडाल थोडे.

आणि तो शब्द सध्या नकोसाच वाटत असेल तर दुसरं दार आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण वारकऱ्यांची माउली काही टाकली नाही. ख्रिस्तालाच आई म्हणून हाक मारली. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात तर देवच म्हणतो, आई एक वेळ तान्ह्याला विसरेल, मी तुला विसरणार नाही. काही दिवस तिथूनच आत या.

बायकोला सांगा, इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘मान राख’ आहे ते दुसरं वचन. चौथं बापांना सांगतं, मुलांना चिडीस आणू नका. दोन्ही एकाच पानावर आहेत.

बाबांना बाप्तिस्म्याला बोलवा, पण आधी फोन करून एक गोष्ट स्पष्ट सांगा : माझ्या घरात या मुलीवर कुणी हात उचलणार नाही. ते गप्प बसतील, चिडतील किंवा रडतील. त्यांनी कबूल केलं तर नातीला मांडीवर द्या, तुम्ही शेजारी असताना. नाही केलं तर बाकावरूनच बघू देत. माफी मनात येईल तेव्हा येईल, तिला पुढच्या महिन्याची तारीख कशाला?

उपासनेत तो शब्द अडला तर तेवढाच गाळा. प्रार्थना ‘आमच्या’ने सुरू होते, शेजारचा म्हणत असतोच. आणि डोक्यावर पाणी पडलं की मुलगी रडणार, सगळीच रडतात. तेव्हा घाईघाईने गप्प करायला जाऊ नका.

— ताई