लंडन ते सिडनी विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर साधारण १७,००० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर १९ तास येतात, पण हा नुसता कागदावरचा हिशेब. मध्ये एक थांबा धरून दारापासून दारापर्यंत नाही, तर विमानतळापासून विमानतळापर्यंत २२ ते २४ तास धरून चाला. थांबा लांबला तर आणखी जास्त.

थांब्यामुळे फार वळसा पडतो असं मात्र नाही. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. लंडन ते सिंगापूर सुमारे १०,९०० किलोमीटर, तिथून सिडनी ६,३०० च्या आसपास. म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटर वाढतात! वेळ खातं ते उतरणं, थांबणं आणि पुन्हा उडणं.

परत येताना वेळ जास्त लागतो. वरच्या थरांत वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर.

घड्याळाचा गोंधळ वेगळाच. सिडनी लंडनच्या ९ ते ११ तास पुढे असते, कारण दोन्हीकडे उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणं) वर्षाच्या उलट्या महिन्यांत लागू होते. त्यामुळे रात्री निघालात तर तारखेने थेट परवा सकाळी पोहोचता. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यांची नुसती वजाबाकी करू नका.

१९४७ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने हा मार्ग सुरू केला तेव्हा याच प्रवासाला चार दिवस लागत.